अंथरुणावरच्या माणसाचा शब्द

'सेवा' हा आपल्याकडे मोठा शब्द आहे. 'हक्क' हा त्या मानाने खडबडीत. तो कचेरीत, मोर्चात, फार तर भाऊबंदकीच्या वाटणीत शोभतो. आजारी माणसाच्या उशाशी बसून कुणी हक्काची भाषा काढली, तर घरच्यांच्या कपाळाला आठी पडते. आईचे आम्ही प्रेमाने करतो, त्यात हक्काचा प्रश्न येतो कुठे, असे त्यांना वाटते. आणि ते खोटेपणाने वाटत नाही. तरीही माझे म्हणणे असे आहे की, हा प्रश्न जिथे प्रेम आहे त्याच घरांत आधी विचारायला हवा. जिथे प्रेम नाही तिथले हाल शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही दिसतात. जिथे ते आहे, तिथे आजारी माणसाचा शब्द कधी बाजूला पडला, हे करणाऱ्यालाही कळत नाही. प्रश्न साधा आहे. ज्याला तांब्यातले पाणीही स्वतःच्या हाताने घेता येत नाही, त्याची स्वतःच्या दिवसावर सत्ता किती उरते? आणि किती उरायला हवी?

पूर्वी हा प्रश्न पडत नसे, याचे कारण पूर्वीची माणसे थोर होती असे नव्हे. घरात करणारे हात पुष्कळ होते, एवढेच. त्यांत सुना होत्या, माहेरी परत आलेली एखादी आत्या होती. त्या हातांना तरी कुणी विचारले होते, हा वेगळा विषय आहे. आज बेळगावात, निपाणीत, खानापुरात तुम्ही कुठल्याही जुन्या गल्लीतून फिरा. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला, धाकटा अमेरिकेत. घरात दोन म्हातारी माणसे, नाहीतर एकच. मग कुणीतरी ब्यूरोचा नंबर देते. सकाळच्या बारा तासांना एक मावशी, रात्रीच्या बारा तासांना दुसरी. पुरुष असला तर मामा. आठवडाभरात घराला थोडी दवाखान्याची कळा येते: कोपऱ्यात डायपरचे गठ्ठे, देवाच्या फडताळात औषधांच्या पट्ट्या, भिंतीला टेकवलेली चाकांची खुर्ची.

आणि दिवसाचे वेळापत्रक नकळत बदलते. पाळी आठाला संपते, म्हणून आंघोळ सहाला, थंडी असली तरी. केस विंचरायला वेळ लागतो, म्हणून बारीक कापले जातात. लुगडे सोडवायला अवघड, म्हणून गाऊन. रात्री लघवीला उठवायला नको, म्हणून संध्याकाळपासून पाणी कमी. साखर वाढते, म्हणून चहा फिका. यातली प्रत्येक गोष्ट सकारण आहे. एकेक घेतली तर कुणाशी भांडता येणार नाही. पण सगळ्यांची बेरीज करून पाहा. साठ वर्षे जिने त्या घरात कधी चूल पेटवायची हे ठरवले, तिच्याकडे त्या दिवसातला एकही निर्णय उरलेला नसतो. तिचे सगळे काही होते. तिला काही करावे लागत नाही आणि काही ठरवताही येत नाही.

आपल्या सेवेच्या आदर्शांकडे मी या दृष्टीने पाहू लागलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पुंडलिकाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आईबापांची सेवा चाललेली, दारी साक्षात देव आलेला, आणि पुंडलिक त्याला वीट फेकून थांब म्हणतो. केवढी मोठी कल्पना! सेवेपुढे देवालाही तिष्ठत ठेवणारी. पण आपण सांगतो त्या कथेत पुंडलिक बोलतो, देव उभा राहतो, आणि ज्यांची सेवा चालली आहे ती दोघे मात्र एक अक्षरही बोलत नाहीत. त्यांना काय हवे होते? देव आला आहे तर आम्हालाही भेटू दे, असे त्यांना वाटले असेल का? कथेला तो प्रश्न पडत नाही, कारण ती करणाऱ्याच्या पुण्याची कथा आहे.

श्रावणबाळाची कथा मला म्हणूनच जास्त शहाणी वाटते. तिथे आंधळे आईबाप बोलतात. त्यांना यात्रेला जायचे आहे. म्हणून कावड आहे. त्यांना तहान लागली आहे. म्हणून श्रावण झारी घेऊन पाण्यावर जातो. खांद्यावर वाहणे हा त्याच्या थोरवीचा अर्धा भाग. दुसरा अर्धा असा की, त्यांना जायचे होते तिकडेच तो चालला. आणि शेवट आठवा. दशरथ पाणी घेऊन येतो, घसा कोरडा पडलेला असतो, तरी लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत ती दोघे त्याच्या हातचे पाणी घेत नाहीत. परावलंबी माणसालाही 'नको' म्हणता येते, हे आपल्याच कथेने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. आपण त्यातली कावड तेवढी उचलली.

आयुर्वेदाकडे वळलो तरी हेच दिसते. चरकाने उपचाराचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चार: उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी आपुलकी आणि शुचिता. ब्यूरोवाल्यांनी आजही भिंतीवर लावावी अशी ही यादी आहे. पण रोग्यालाही त्याने नुसता मांसाचा गोळा मानलेले नाही; त्याच्याही अंगी चार गुण हवेत. सांगितलेले ऐकावे, हा त्यांतला एक. मात्र त्याच्याच बरोबरीने दुसरा गुण आहे तो 'ज्ञापकत्व', म्हणजे आपल्याला काय होते आहे ते सांगता येणे. आपण पहिला गुण घट्ट धरला. दुसरा सोडून दिला, कारण त्याला ऐकणारा लागतो.

ऐकणारा लागतो म्हटले की आपल्या सीमाभागात एक प्रश्न आणखी उभा राहतो. तो भाषेचा. भाषेच्या हक्काविषयी आपण इथे एवढे बोललो आहोत, पाट्यांवरून, शाळांवरून, कचेरीतल्या कागदांवरून, की अंथरुणावरही भाषेचा हक्क असतो, हे आपल्या ध्यानातच आले नाही. खानापूर-चंदगडाकडून आलेली मावशी मराठी बोलते, गोकाक-बैलहोंगलकडची कानडी. दुखणाऱ्या माणसाचे निम्मे आयुष्य चार शब्दांत असते: हवे, नको, पुरे, दुखते. कानडीत बेकु, बेड, साकु, नोवु. एवढे चार शब्द समोरच्याला कळले नाहीत, तर माणूस भरल्या घरात मुका होतो. आणि मुक्याला हट्टी समजायला वेळ लागत नाही.

माझ्या माहितीतल्या एका घरी याचे वेगळेच रूप पाहायला मिळाले. आजी धारवाडकडच्या कानडी घरातल्या. लग्न होऊन बेळगावच्या मराठी घरात आल्या आणि साठ वर्षे अस्खलित मराठी बोलल्या. घरात कानडीचा विषयही निघत नसे. पुढे स्मृती ढासळू लागली. अशा दुखण्यात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची मागे राहते, तसे झाले. आजी कानडीतच बोलू लागल्या. पुण्याहून आलेल्या मुलाला आई काय म्हणते ते कळेना. 'आई असंबद्ध बडबडते,' असे तो डॉक्टरांना सांगू लागला. रात्रीच्या पाळीची बाई कानडी होती. ती म्हणाली, 'बडबडत नाहीत हो, अज्जी आईला हाक मारतात, आणि परकर ओला झाला म्हणून सांगतात.' ती बडबड नव्हती, साधी तक्रार होती, आणि ती योग्यच होती. तेव्हापासून मी म्हणतो, ज्याला मदत घ्यायची आहे त्याच्या भाषेत बोलणारे माणूस त्याला मिळाले पाहिजे. ही भाषा घराच्या पाटीवरची असेल किंवा नसेल. ती त्या माणसाच्या ओठांवरची असली म्हणजे झाले. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हे इतरांपेक्षा लवकर कळायला हवे.

दुसरा हक्क अंगावरच्या पडद्याचा. दूरच्या मुलांना काळजी वाटते म्हणून आता आईच्या खोलीत कॅमेरा बसवतात. त्यांचे चुकते असे मी म्हणत नाही. मारहाण, चोरी, हेळसांड यांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. पण त्याच कॅमेऱ्यापुढे तिचे कपडे बदलले जातात, डायपर काढला जातो, आणि ते चित्र दूरच्या शहरातल्या मोबाइलवर उमटते. हे तिला कुणी विचारले? खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्या खटल्याला ज्यांचे नाव आहे ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती; २०१२ साली ते न्यायालयात गेले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. त्यांचा वाद सरकारशी होता, मुलांशी नव्हे. पण म्हातारपणी पडदा लागत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी तो पडदा एका म्हाताऱ्या माणसानेच देशाला मिळवून दिला, हे लक्षात ठेवावे. कॅमेरा दाराकडे तोंड करून लावता येतो. कपडे बदलताना झाकता येतो. आणि मुख्य म्हणजे, लावण्याआधी विचारता येतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. विचारायचे ठीक, पण उत्तर चुकीचे आले तर? आजोबांना एकट्याने जिना उतरायचा आहे. पडले तर कोण जबाबदार? आजींना औषध नको आहे. सोडून द्यायचे का? ज्यांचे भान हरपले त्यांना विचारून काय मिळणार? घरोघरची भांडणे याच ठिकाणी होतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांपुरता या प्रश्नाचा विचार केला आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. माहिती त्या माणसाला समजेल अशा सोप्या भाषेत, नाहीतर खुणांनी, चित्रांनी द्यायची. त्याने आपला निर्णय बोलून सांगितला काय किंवा हावभावाने सांगितला काय, दोन्ही चालतात. आणि इतरांना तो निर्णय चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयाची क्षमताच नाही असे ठरवायचे नाही. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातही मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे: पालकाने त्या व्यक्तीच्या ऐवजी ठरवायचे नसून तिच्यासह, तिच्या इच्छेनुसार ठरवायचे.

याचा अर्थ आजोबांना जिन्यावरून ढकलून द्या, असा नाही. अर्थ असा की, 'नाही' म्हणण्याआधी 'कसे जमेल' हे पाहा. कठड्याला दोर लावता येतो का, कुणी पुढे उभे राहते का, दिवसातून एकदा तरी अंगणात नेता येते का? पडेल म्हणून हात खाटेला बांधणे, झोपत नाही म्हणून डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळी देणे, बाहेर जाईल म्हणून कडी लावणे, हे सगळे काळजीच्या नावाखाली चालते. काळजी नेमकी कुणाची, रुग्णाची की आपल्या झोपेची, एवढे प्रामाणिकपणे विचारले तरी निम्मे दोर सुटतील. थोडा धोका पत्करणे हासुद्धा जगण्याचाच भाग आहे. तो आपण सगळे रोज रस्ता ओलांडताना पत्करतो. केवळ म्हातारा झाला म्हणून एखाद्याचा तो भाग जप्त करणे, हे रक्षण म्हणता येणार नाही.

मात्र हक्काच्या भाषेलाही कुंपण हवे. 'मला या जातीची बाई नको', 'तिचा कप वेगळा ठेवा', 'स्वयंपाकघरात येऊ देऊ नका' ही वाक्ये आपल्या सुशिक्षित घरांतून अजून ऐकू येतात. ज्या हातांनी शरीर धुवायचे त्या हातांचा विटाळ मानायचा, हा कसला न्याय? राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली. खाटेवर पडल्याने कुणाला त्या कलमातून सूट मिळत नाही. घरच्या माणसाला 'नको' म्हणण्याचा हक्क आहे, तसा त्या मावशीलाही आहे. बारा तासांच्या पाळीत तिला पाठ टेकायला जागा हवी, वेळेवर जेवण हवे, ठरलेला पगार ब्यूरोच्या कापाकापीतून तिच्या हाती पोचायला हवा, आणि वासनेने धरलेल्या हातापासून संरक्षणही हवे. कारण सगळेच रुग्ण देवमाणसे नसतात. दोघांचे हक्क एकमेकांविरुद्ध आहेत, असे मला वाटत नाही. जिची पाठ मोडली आहे तिच्या हातून कुणाचीच पाठ हळुवार चोळली जात नाही.

मग जो बोलूच शकत नाही, त्याच्या वतीने कोण बोलणार? या प्रश्नाशी आपल्या भागाचा एक दुखरा धागा जुळलेला आहे. उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरच्या अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या तिथेच अंथरुणावर होत्या. त्यांचे जगणे थांबवू द्यावे, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली होती. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली, आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार दिला तो रात्रंदिवस त्यांचे करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना. निकालाविषयी दोन मते असू शकतात. त्यामागचे तत्त्व मात्र विचार करायला लावणारे आहे: ज्याने रोज तोंडात घास घातला, त्याला चेहऱ्यावरची रेघ वाचता येते. नात्याने जवळ असणारा दरवेळी जवळचा असतोच असे नाही. पण याच तत्त्वाला एक धारही आहे. करणाऱ्याचा जीव गुंततो, आणि मग रुग्णाची इच्छा कुठली व आपली कुठली हे त्याला वेगळे करता येत नाही. म्हणून बोलता येते आहे तोवरच विचारून ठेवणे, हे दोघांच्याही भल्याचे.

कायद्याने आपल्याकडे शेवटच्या दिवसांपुरती ही सोय केली आहे. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने उपचारांविषयीचे इच्छापत्र मान्य केले. २०२३ मध्ये त्याची रीत सोपी झाली, दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालू लागला. २०२५ च्या जानेवारीत कर्नाटकाच्या आरोग्य खात्यानेही त्याविषयी परिपत्रक काढले. चांगले झाले. पण कृत्रिम श्वासाची नळी लावायची की नाही, हा प्रश्न एखाद्या दिवसाचा. त्याआधीच्या हजार दिवसांचे काय? आंघोळ कधी, भाजी कुठली, दार उघडे की लोटलेले, हे त्या हजार दिवसांचे प्रश्न आहेत, आणि त्यांचे इच्छापत्र कुणी लिहीत नाही.

इतरत्र त्याचा विचार झाला आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात घरी सेवा घेणाऱ्यांच्या हक्कांची सनदच कायद्यात आहे. सेवा सुरू होण्याआधी हे हक्क लेखी द्यायचे. कोणती सेवा, कोण करणार, पैसे किती, हे आधी सांगायचे. सेवा नाकारता आली पाहिजे. माणसाचा आणि त्याच्या चीजवस्तूंचा मान राखला पाहिजे. तक्रार केली म्हणून सूड उगवता कामा नये. आपला २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी मुलांकडून मिळवून देतो. तो म्हाताऱ्या माणसाला पोसतो. त्याचे ऐकून घ्यायला तो सांगत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी करण्याची तरतूद होती. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर ते विधेयकही बुडाले.

तोवर आपण हात जोडून बसायचे का? केरळातल्या लोकांनी तसे केले नाही. १९९३ साली कोझिकोडे इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमनाचे काम सुरू झाले आणि पुढे ते गावोगावच्या स्वयंसेवकांच्या हाती गेले. ही साधी माणसे घरी जातात, खाटेशेजारी बसतात, विचारपूस करतात. २००८ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी धोरणही आखले. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही की, बंद घरात एक तिसरा माणूस येतो. मुलगा आणि मावशी यांच्याखेरीज जिच्यापाशी तक्रार करता येईल, अशी एक व्यक्ती. आपल्या गल्लीतली गणेशोत्सव मंडळे, भजनी मंडळे, महिला मंडळे एवढे सहज करू शकतील. आठवड्यातून एकदा जावे, मावशीला थोडे बाहेर बसवावे, आणि म्हाताऱ्या माणसाला एकांतात विचारावे: बरे चालले आहे ना? विचारताना ज्याच्या त्याच्या भाषेत विचारावे.

आणखीही एक गोष्ट घरातल्या घरात करता येते. खाटेजवळ एक वही असते. तिच्यात रक्तदाब, साखर, औषधे आणि जुलाब यांच्या नोंदी असतात. त्या वहीचे पहिले पान रिकामे सोडावे आणि ज्याच्यासाठी ती वही आहे त्याला विचारून भरावे. मला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. आंघोळ कुणाच्या हातची चालेल. तुळशीला पाणी कुणी घालायचे. काय झाले तरी मला काय नको. हाताला कंप असेल तर दुसऱ्याने लिहावे, पण शब्द त्याचेच असावेत. नवी मावशी आली की तिने आधी ते पान वाचावे; तिला वाचता येत नसेल तर घरच्याने वाचून दाखवावे. आणि अधूनमधून ते पान पुन्हा विचारावे, कारण आडवा झालेला माणूसही मन बदलू शकतो.

सेवेने पुण्य लागते की नाही हे मला माहीत नाही. हक्काला पुण्याची गरज नसते. करणारा थकला, चिडला, परगावी गेला, पैसे घेऊन करणारा निघाला, तरीही ज्याचे करायचे त्याचा शब्द खाली पडू नये, एवढ्यासाठी हक्क असतो. प्रेम असेल त्या दिवशी तो आठवावाही लागत नाही. प्रेम थकते त्या दिवसासाठी तो लिहून ठेवायचा असतो.